मोठ्या बांधकाम कंपनीत नोकरी: प्रत्यक्षात काम कसे असते?

पाणसळ

नमस्कार. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर चार वर्षे मी एका लहान कंत्राटदाराकडे काम केले. कार्यालयात मालक, हिशेबनीस, दोन मुकादम आणि मी, एवढीच माणसे होती, त्यामुळे आखणीपासून स्टीलच्या मोजणीपर्यंत आणि बिल तयार करण्यापासून सिमेंटची गाडी उतरवून घेण्यापर्यंत सगळे माझ्याकडेच असे. आता एका मोठ्या कंपनीकडून नियुक्तीपत्र आले आहे. पद साइटवर प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्या अभियंत्याचे, म्हणजे तिथल्या भाषेत 'एक्झिक्यूशन'चे आहे. पगाराविषयी मला काही विचारायचे नाही. अशा कंपनीत दिवस कसा जातो, शिकायला काय मिळते आणि आज हातात असलेले काय सुटते, हे तिथे काम केलेल्यांकडून ऐकायचे आहे. महिनाभरात उत्तर कळवायचे आहे.

ओळंबा

पाणसळ, एकोणीस वर्षे मी अशाच कंपन्यांत काढली आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट ही लक्षात घ्या की मोठी बांधकाम कंपनी स्वतःच्या हाताने फारच थोडे बांधते. शटरिंगची, म्हणजे काँक्रीटचे साचे उभारणारी टोळी एका उपकंत्राटदाराची, सळया वाकवून बांधणारे बारबेंडर दुसऱ्याचे, वॉटरप्रूफिंग तिसऱ्याचे आणि क्रेन भाड्याची असते. कंपनीच्या नावाचे हेल्मेट घातलेली माणसे या सगळ्यांची कामे एकमेकांच्या पायात न येता पार पडतील हे पाहतात आणि ती कशी झाली याची नोंद ठेवतात. तुमच्या आजच्या नोकरीत तुम्ही एका इमारतीची सगळी कामे करता. तिथे तुम्हाला कदाचित एका इमारतीचा एकच भाग मिळेल, आणि त्या भागातही आखणी सर्व्हेअर करेल, काँक्रीटची चाचणी क्वालिटी विभाग घेईल, प्रमाणांचा हिशेब बिलिंगवाले ठेवतील आणि वेळापत्रक प्लॅनिंगमधून येईल. पहिले सहा महिने आपल्याला नेमके काय काम आहे असा प्रश्न पडतो. मला पडला होता.

दिवसाची सुरुवात कामगारांसमोरच्या टूलबॉक्स टॉकने, म्हणजे सुरक्षेविषयीच्या छोट्या बोलण्याने होते, त्यानंतर उंचीवरच्या किंवा खोल खोदाईतल्या कामांची परमिटे आणि मग तपासणीच्या विनंत्या. संध्याकाळी दैनिक प्रगती अहवाल भरायचा असतो. मधल्या वेळात खरे काम होते आणि त्यातला निम्मा वेळ कोणाची तरी वाट पाहण्यात जातो.

आता कागदाविषयी. त्याला सगळेच नावे ठेवतात, मीही ठेवतो. तरी पहिल्या वर्षातली एक रात्र सांगतो. स्लॅबचे काँक्रीट रात्री नऊला सुरू करायचे होते. पंप लागलेला, पाइपलाइन जोडलेली आणि पहिला ट्रान्झिट मिक्सर फाटकात उभा होता. काँक्रीट ओतण्यापूर्वी जे पोर कार्ड भरतात त्यावर सर्व्हेअरची, विद्युत विभागाची आणि क्वालिटीची सही झालेली होती. माझा रकाना तेवढा रिकामा होता. स्टील मी दुपारी पाहिले होते, ते ठीक होते, आणि त्या भरवशावर सही करून टाकावी असे वरिष्ठांचेही म्हणणे होते. पण दुपारनंतर प्लंबरची टोळी पाइपांना जागा ठेवणारे स्लीव्ह बसवण्यासाठी वर चढल्याचे मला माहीत होते, म्हणून टॉर्च घेऊन पुन्हा गेलो. दोन तुळयांच्या बाजूचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई आणि साचा यांत अंतर ठेवणारे ठोकळे, निघून खाली पडले होते आणि सळयांच्या रिंगा थेट साच्याच्या प्लायला टेकल्या होत्या. तसेच काँक्रीट ओतले असते तर त्या ठिकाणी सळईवर आवरणच राहिले नसते आणि काही वर्षांत गंज बाहेर दिसला असता. ते दुरुस्त करायला पावणेदोन तास लागले. तेवढ्यात एका मिक्सरमधल्या काँक्रीटची मुदत उलटली आणि तो परत पाठवावा लागला.

दुसऱ्या दिवशी कोणी पाठ थोपटली नाही. उलट, वाया गेलेल्या काँक्रीटबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला. मी अर्धे पान लिहिले. त्यावर 'नोंद घेतली' एवढाच शेरा येऊन ते फाइलला लागले. तरीही मी मोठ्या कंपनीच्या बाजूने बोलतो ते याच रात्रीमुळे. लहान कंत्राटदाराकडे मालक समोर उभा असतो, त्याचे पैसे डोळ्यांदेखत वाया जात असतात, आणि त्याला 'थांबा' म्हणायला एखाद्या नवख्याची जीभ रेटत नाही. इथे थांबवण्यासाठी एक छापील रकाना असतो. तो रिकामा असेल तर कायद्याने नसले तरी रिवाजाने पंप सुरू होत नाही. पंचविशीतल्या माणसाच्या हातात एवढा अधिकार दुसरी कुठली नोकरी देत असेल, मला ठाऊक नाही. त्याची किंमतही तुमच्याकडूनच लेखी वसूल होते, हेही खरे.

बिलिंगवाला

ओळंबा यांनी गुणवत्तेच्या कागदाविषयी लिहिले, मी पैशाच्या कागदाविषयी लिहितो.

आमच्या खात्यात पहिला धडा असा मिळतो की काम होणे आणि त्याचे पैसे मिळणे यांत मोठे अंतर असते. दर महिन्याला झालेल्या कामाचे मोजमाप होऊन आरए बिल, म्हणजे चालू कामाचे बिल निघते, त्यातून रिटेन्शन म्हणून बहुधा ५ ते १० टक्के रक्कम कापून ठेवली जाते, आणि तिचा एक भाग काम पूर्ण झाल्यावर तर उरलेला दोषदायित्वाचा, म्हणजे दोष निघाल्यास दुरुस्त करून देण्याचा काळ संपल्यावर सुटतो. या धंद्यातला निव्वळ नफा फार थोड्या टक्क्यांचा असल्यामुळे एखादा मोठा एक्स्ट्रा आयटम, म्हणजे मूळ कंत्राटाबाहेरचे जादा काम, नामंजूर झाला की वर्षभराचा ताळेबंद हलतो.

आणि हे एक्स्ट्रा आयटम बुडतात ते बहुतेक वेळा साइटवरच्या अभियंत्याच्या सज्जनपणामुळे. ग्राहकाने नेमलेल्या सल्लागाराचा माणूस फेरफटका मारताना सांगतो, 'ही ड्रेनची लाइन जरा पलीकडे सरकवा.' आपला अभियंता मान डोलावतो आणि सरकवतो. आमच्या एका प्रकल्पात नव्या जागी कठीण खडक लागला आणि तो फोडण्यात अकरा दिवस गेले. बिल लावले तेव्हा समोरून विचारणा झाली की सूचना कोणी दिली. सूचनेचा कागद नव्हता. छायाचित्रे होती, पण त्यांत मोजपट्टी नव्हती, त्यामुळे चर सहा फूट खोल की तीन, हे कोणालाच सिद्ध करता आले नाही. फिडिक या आंतरराष्ट्रीय संघटनेची नमुना कंत्राटे जगभर वापरली जातात. त्यांच्या १९९९च्या आवृत्तीत दाव्याची नोटीस देण्यासाठी घटना कळल्यापासून २८ दिवसांची मुदत आहे आणि ती चुकली तर हक्कच जातो. आमच्या अभियंत्याने आम्हाला सांगितले तेव्हा दोन महिने उलटले होते.

म्हणून पाणसळ, एक सवय आजपासूनच लावून घ्या. तोंडी सूचना मिळाली की त्याच संध्याकाळी दोन ओळींचे पत्र पाठवावे: 'आपण आज सकाळी दिलेल्या तोंडी सूचनेनुसार अमुक काम हाती घेत आहोत.' भांडण नाही, आरोप नाही. असे नुकसान त्या दोन ओळींनीच वाचते.

पाणसळ

दोघांचेही मनापासून आभार. ओळंबा, एक शंका आहे. आपण पुन्हा जाऊन पाहिलेत, पण नवख्या माणसावर वरिष्ठांनी 'सही कर, मी बघतो' असा दबाव आणला तर त्याने काय करावे? 'मी बघतो' हे वाक्य मी लहान कंपनीतही पुष्कळदा ऐकले आहे.

ओळंबा

'आपण बघणार असाल तर या रकान्यात आपणच सही करावी' असे नम्रपणे म्हणून पेन पुढे करावे. माझ्या अनुभवात दहांपैकी आठ वेळा साहेब टॉर्च मागतात.

आरेखन

मी डिझाइन समन्वयात आहे, म्हणजे उपकंत्राटदारांकडून येणारी शॉप ड्रॉइंग (प्रत्यक्ष भाग बनवण्यासाठीची तपशीलवार रेखांकने) तपासून पुढे पाठवणे हे माझे काम. सहीचा विषय निघालाच आहे म्हणून अमेरिकेतल्या कॅन्सास सिटीमधल्या हयात रीजन्सी हॉटेलची आठवण करून देते. मूळ रेखांकनात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याचे झुलते पादचारी पूल छतापासून खाली आलेल्या एकाच अखंड सळईवर टांगलेले होते. एवढ्या लांब सळईला आटे पाडणे गैरसोयीचे म्हणून पोलादी काम करणाऱ्यांनी एकाऐवजी दोन सळया सुचवल्या: एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत आणि दुसरी चौथ्या मजल्याच्या तुळईपासून खाली. कागदावर हा बदल किरकोळ दिसतो. पण त्यामुळे चौथ्या मजल्याच्या तुळईखालच्या नटवर एका पुलाऐवजी दोन्ही पुलांचा भार आला. ड्रॉइंगवर मंजुरीचा शिक्का पडला, गणित मात्र पुन्हा कोणी केले नाही. १७ जुलै १९८१ रोजी दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसे गेली. संबंधित अभियंत्यांचे त्या राज्यातले परवाने पुढे रद्द झाले.

माझ्या टेबलावर आठवड्याला साठ-सत्तर ड्रॉइंग येतात. प्रत्येकाला पूर्ण न्याय देता येतो असे मी म्हणणार नाही. पण जोडणीत काही बदल दिसला, मग तो 'सोयीसाठी' असे कितीही ठळक लिहिलेले असो, तर ते ड्रॉइंग मी बाजूला काढून मूळ डिझायनरकडे परत पाठवते. मी काम अडवते अशी साइटची तक्रार असते. ती खरी आहे.

गुण्या

सर्वांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. सहीचे एवढे माहात्म्य मला पटत नाही. मी सात वर्षे मोठ्या कंपनीत होतो आणि आता पुन्हा लहान कंत्राटदाराकडे आलो आहे. कागदावर पाच सह्या असल्या की प्रत्येकाला वाटते, उरलेल्या चौघांनी पाहिलेच असेल. क्वालिटीवाला धरून चालतो की एक्झिक्यूशनने पाहिले, एक्झिक्यूशनवाला धरून चालतो की सल्लागार पाहील, आणि सल्लागार गाडीतून उतरण्याआधी विचारतो की तुमच्या क्वालिटीची सही झाली का. आरेखन यांनी दिलेल्या उदाहरणातही शिक्का होताच की. लहान ठिकाणी मुकादमाला पक्के ठाऊक असते की चूक झाली तर ती त्याचीच, कारण दुसरे कोणी नाहीच. माझ्या सात वर्षांत मी जितके फॉर्म भरले तितक्या वेळा ओळंबा हातात धरला नाही. (सदस्य ओळंबा यांनी राग मानू नये, मी हत्याराविषयी बोलतो आहे.)

ओळंबा

राग कसला. आपले म्हणणे निम्मे मान्य आहे. पाच सह्यांचा कागद पाच जणांना झोपवू शकतो, हे मी पाहिले आहे. माझे म्हणणे एवढेच की त्या पाचांत एकाने जागे राहायचे ठरवले तर त्याला अडवता येते.

करणी

मी या सगळ्यांच्या खालच्या पायरीवरून लिहीत आहे. माझी गवंडी आणि प्लास्टरची टोळी आहे आणि मी मोठ्या कंपन्यांकडून काम घेतो. वर सगळ्यांनी सहीकडे जबाबदारी म्हणून पाहिले. आमच्या बाजूने ती मजुरी असते. आमच्या मोजमापाच्या कागदावर साइट अभियंत्याची सही झाली की तो बिलिंगकडे जातो, तिथून हिशेब विभागाकडे, आणि त्यानंतर वरून पैसे आले की आम्हाला मिळतात. अभियंता रजेवर गेला की कागद टेबलावर पडून राहतो. त्याची बदली झाली तर नवा येणारा म्हणतो, 'मी पाहिलेले नाही, पुन्हा मोजू.' प्लास्टरवर तोवर रंग चढलेला असतो. माझी माणसे मात्र दर आठवड्याला हात पुढे करतात आणि त्यांना मी मोजमापाची गोष्ट सांगू शकत नाही.

कंपनी मोठी आहे म्हणजे पैसे सुरक्षित आहेत असेही कोणी समजू नये. ब्रिटनमधली कॅरिलियन ही त्या देशातल्या सर्वांत मोठ्या बांधकाम कंपन्यांपैकी एक होती. पुरवठादारांना ती १२० दिवसांची मुदत सांगत असे. १५ जानेवारी २०१८ रोजी तिचे दिवाळे निघाले तेव्हा सुमारे ४३,००० माणसे तिच्याकडे नोकरीला होती, आणि साखळीतल्या हजारो लहान कंत्राटदारांची देणी अडकली. नोकरदाराचा पगार बुडतो तेव्हा निदान बातमी तरी होते.

पाणसळताई, आपण तिथे गेलात तर एवढेच करा: रजेवर जाण्याच्या आदल्या दिवशी टेबलावरची मोजमापे संपवून जा. आमच्यासारखे लोक असा अभियंता कोणत्या साइटवर आहे हे विचारून मग दर सांगतात. हे कंपनीला कळत नाही, पण खरे आहे.

क्रिटिकल पाथ

प्लॅनिंगविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. ज्या पद्धतीवरून मी हे नाव घेतले ती ड्युपाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांतल्या लोकांनी १९५७च्या सुमारास विकसित केली, आणि आजही बहुतेक मोठ्या प्रकल्पांचे वेळापत्रक तिच्यावरच उभे असते. तत्त्व साधे आहे: हजार कामांतली काहीच अशी असतात की ती एक दिवस रेंगाळली तर सारा प्रकल्प एक दिवस रेंगाळतो. अडचण अशी की साइटवरून येणारी प्रगतीची टक्केवारी या तत्त्वाला जुमानत नाही. एखादे काम 'नव्वद टक्के पूर्ण' म्हणून माझ्याकडे येते आणि पाच आठवडे नव्वद टक्क्यांवरच असते, कारण उरलेल्या दहा टक्क्यांत सगळी अवघड कामे दडलेली असतात. मला टक्के सांगू नका, किती कॉलम उभे राहिले आणि किती बाकी आहेत ते सांगा. असे सांगणारे अभियंते प्रत्येक प्रकल्पात दोन किंवा तीनच भेटतात.

जाळी

सुरक्षा विभागातून लिहितो. १९३३ ते १९३७ या काळात गोल्डन गेट पूल बांधताना खाली सुरक्षेची जाळी लावली होती. तिच्यामुळे १९ माणसे वाचली, म्हणून हे नाव. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी मचाणाचा एक भाग कोसळला, जाळीही तुटली आणि १० जण गेले. हेही त्याच पुलाचे, आणि मी प्रशिक्षणात दोन्ही सांगतो.

मोठ्या कंपनीत सुरक्षेची साधने खरोखर मिळतात. हार्नेस (उंचीवर बांधायचा सुरक्षापट्टा), जाळी, खोदाईला आधार, क्रेनची तपासणी या गोष्टींसाठी सहसा भांडावे लागत नाही. बिघडते ते फलकामुळे. फाटकावर 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक असतो. आकडा मोठा होत गेला की तो कोणालाच खाली आणायचा नसतो, मग बोट चेमटलेला कामगार परस्पर घरी पाठवला जातो आणि नोंदवहीत काहीच चढत नाही. किरकोळ इजा लपल्या की पुढच्या मोठ्या अपघाताची सूचना मिळत नाही. तुम्ही एक्झिक्यूशनमध्ये असाल आणि तुमच्या टोळीतल्या कोणाला लागले तर त्याच दिवशी नोंद करा, फलक शून्यावर आला तरी चालेल. माझे सहकारी याबद्दल माझ्यावर नाराज असतात.

तिसरा कॅम्प

बाईमाणूस म्हणून दोन गोष्टी, कारण त्या मुलाखतीत कोणी सांगत नाही. मी आठ वर्षांत तिसऱ्या प्रकल्पावर आहे आणि तिसऱ्या कॅम्पवर राहते. कॅम्प म्हणजे कंटेनरची खोली, शेजारी तेच सहकारी, तीच भांडणे. प्रकल्प संपत आला की डिमोबिलायझेशनची यादी निघते. तीन वर्षे एकत्र राहिलेली माणसे पंधरवड्यात चार दिशांना जातात, आणि पुढचे काम मिळेपर्यंत मुख्य कार्यालयात रिकामे बसावे लागले तर प्रत्येकजण तुमच्याकडे खर्चाची बाब म्हणून पाहतो.

दुसरी गोष्ट साधी आहे. हार्नेस, बूट, हातमोजे पुरुषांच्या मापाचे येतात. सैल हार्नेस घालणे म्हणजे न घालणेच. मी पहिल्या आठवड्यात लेखी मागणी केली, सात आठवड्यांनी माझ्या मापाचा आला, आणि तोवर मी उंचीवर चढले नाही. स्वच्छतागृह कामाच्या जागेपासून किती अंतरावर आहे हेही रुजू होण्यापूर्वी विचारा. हा प्रश्न विचारल्यामुळे नियुक्ती रद्द झाल्याचे मी ऐकलेले नाही.

बाकी, दोन हजार घनमीटर काँक्रीटचा राफ्ट, म्हणजे इमारतीखालचा सलग पाया, एकसलग ओतताना तिथे उभे राहणे, हे लहान कंपनीत आयुष्यात घडले नसते. तो दीड दिवस मी विसरणार नाही.

पाणसळ

महिना उलटून गेला, त्यामुळे धागा पुन्हा वर आणते आहे. मी रुजू झाले, आज तिसरा आठवडा आहे.

पहिल्याच दिवशी माझ्या सहीचा नमुना एका फॉर्मवर तीनदा घेतला, आणि तेव्हा इथली सगळी चर्चा आठवली. गुण्या म्हणतात ते दुसऱ्याच आठवड्यात दिसले: एका पोर कार्डवर चार सह्या होत्या आणि त्यांतल्या दोघांनी ती जागा पाहिलेली नव्हती, हे त्यांनीच हसत सांगितले. मी वर जाऊन पाहिले. सगळे व्यवस्थित होते. उगाच वीस मिनिटे गेली असे पंपवाल्याचे मत पडले. सही केली.

करणी, मोजमापाचे दोन जुने कागद माझ्या आधीच्या अभियंत्याच्या खणात सापडले. प्लास्टरवर रंग चढलेला आहे. जिने आणि खोल्या रेखांकनावरून मोजून, त्या वेळची छायाचित्रे जोडून ते पुढे पाठवले आहेत, बिलिंगकडून अजून उत्तर नाही. तिसरा कॅम्प, स्वच्छतागृहाचे अंतर चारशे मीटर आहे आणि त्याबद्दल पत्र दिले आहे.

ओळंबा, उद्या रात्री माझा पहिला मोठा स्लॅब आहे. माझ्याकडे टॉर्च नाही. स्टोअरमधून घ्यायचा तर इंडेंट, म्हणजे मागणीचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यावर तिघांच्या सह्या लागतात. दोन झाल्या आहेत.